ढगांतलं जंगल, पडकी नगरं आणि पक्षी: एकाच सहलीत जमतं का?

धरमपेठी_बुलबुल
मंडळी, सल्ला हवाय. आम्ही नागपूरकर. पुढच्या जूनमध्ये पेरूला जायचं घाटतंय. घरात दोन पक्ष आहेत. मला पक्षी हवेत, ह्यांना दगड. ह्यांचे रविवार नगरधनचा किल्ला नि मनसरच्या उत्खननात जातात, माझे गोरेवाड्यात आणि अंबाझरीच्या काठावर. माचू पिचू म्हणजे ढगांत बुडालेल्या जंगलातलं इंका लोकांचं पडकं नगर, तेव्हा एकाच ठिकाणी दोघांचं भागेल अशी आशा होती.

पण एका टूरवाल्यानं पाठवलेला कार्यक्रम वाचून मी गारच पडले. कुस्कोला उतरायचं, दुसऱ्या दिवशी अंधारात उठून माचू पिचू, रात्री परत कुस्को, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी तीन ते पाच ‘बर्ड वॉचिंग’. दुपारी तीनला कोणता पक्षी माझी वाट बघत बसणार आहे?

दोन्हीला न्याय देणारी सहल कुणी केली आहे का? की धड ना हे, धड ना ते असं होतं? पेरूच हवं असा हट्ट नाही. दुसरीकडे कुठं हे दोन्ही एकत्र मिळत असेल तर तेही सांगा.

तर्रीबाज
पेरू तर कॉटन मार्केटात ढिगानं मिळून राहिले. तुम्ही काहून एवढ्या दूर चालल्या?

धरमपेठी_बुलबुल
@तर्रीबाज, हा विनोद पहिल्याच प्रतिसादात येणार म्हणून ह्यांनी माझ्याशी पैज लावली होती. तुमच्यामुळे मला आता महिनाभर चहा करावा लागणार.

सीताबर्डीचा_शिक्रा
जमतं, ताई. आम्ही केलंय. फक्त एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा: पक्षी आणि भग्नावशेष, दोघांनाही तुमची तीच सकाळ हवी असते. भांडण तिथंच आहे, बाकी सगळं सोपं आहे. टूरवाले झाडून सगळे पहाटेचं तिकीट काढून देतात, कारण त्यांना तुम्हाला त्याच रात्री कुस्कोला परत टाकायचं असतं.

आम्ही उलट केलं. माचू पिचूच्या पायथ्याच्या गावात, आग्वास कालिएन्तेसला, मुक्काम ठोकला. तिथं बाहेरून येणारा मोटारीचा रस्ता नाही, ओयांतायताम्बोहून रेल्वेनं जावं लागतं. गाव साधारण २,००० मीटरवर, वरचं नगर २,४३० मीटरवर. सकाळ नदीकाठाला द्यायची, वरच्या नगराचं तिकीट दुपारचं काढायचं. गावापासून खालच्या पुलापर्यंत उरुबाम्बा नदीच्या कडेकडेनं जो रस्ता जातो, त्यावर सकाळी सहाला वर जाणारी बस पकडायला धावणारी माणसं सोडली तर कोणी थांबत नाही. आणि सगळी मजा तिथंच आहे.

टॉरंट डक या बदकांची जोडी मी तिथं पाहिली. नदी एवढी गर्जत असते की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मधल्या ओल्या धोंड्यावर नर उभा, डोकं पांढरंशुभ्र, त्यावर काळ्या रेघा, चोच लाल. मादीचं पोट विटकरी. दोघं फेसात उडी मारत, आता गेले वाहून असं वाटायचं, आणि थोड्या वेळानं त्याच धोंड्यावर पुन्हा चढून अंग झटकत. असं अर्धा तास चाललं होतं. आमच्या सौंना एरवी पक्ष्यांत शून्य रस, पण तिथून हलायला तयार नव्हत्या.

वरच्या नगराच्या आसपासच्या बांबूच्या गचपणात इंका रेन नावाचा छोटा पक्षी असतो. फक्त पेरूत सापडतो, तोही याच भागात. जोडीनं गातो, आवाज शरीराच्या मानानं भलताच मोठा. तो आधी ऐकू येतो, मग कुठंतरी हलणारी बांबूची काडी दिसते, मग तो.

मोहफूल
+१. माचू पिचू हे जागतिक वारसा यादीत १९८३ साली गेलं ते सांस्कृतिक आणि नैसर्गिक अशा दोन्ही निकषांवर. राखीव क्षेत्र ३२,५९२ हेक्टरचं आहे. लोक भिंतींचे फोटो काढून परततात आणि त्या भिंतींमागचा डोंगर बघतच नाहीत.

वऱ्हाडी_पाहुणा
मी म्हन्तो, एवढे पैसे कायले घालवता? चिखलदऱ्याले चला. नागपूरहून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. गाविलगड हाये, जंगल हाये, पावसाळ्यात हातभर अंतरावरचं दिसत नाही एवढं धुकं हाये. आनखी काय पाह्यजे?

आन गड कोनाचा? आपल्या नागपूरकर भोसल्यांचा. १५ डिसेंबर १८०३ ले आर्थर वेलस्लीनं घेतला, तोच पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. दोन दिवसांत देवगावचा तह. दिल्ली दरवाज्यावर पाहा, दोन डोक्यांचा गंडभेरुंड कोरलाय, हत्तींसकट. असा पक्षी तुम्हाले पेरूत भेटनार हाये का?

निळकंठ
@वऱ्हाडी_पाहुणा, गंडभेरुंड माझ्या यादीत टाकून घेतो, पण बाकीच्याला हरकत आहे. चिखलदरा ज्यात येतं ते मेळघाट हे ढगांचं जंगल नाही. ते सागाचं पानझडी जंगल आहे. पावसाळ्यात धुकं असतं हे खरं, पण एप्रिलमध्ये तिथं जाऊन बघा, पायाखाली पाचोळा कुरकुरतो.

ढगांचं जंगल म्हणजे जिथं ढग वर्षातला बहुतेक काळ झाडांतूनच फिरत असतात. अँडीजच्या पूर्व उतारावर ॲमेझॉनकडून येणारी ओली हवा डोंगराला अडून वर चढते, थंड होते, आणि तिचं पाणी पानांवर, शेवाळावर जमतं. पाऊस पडत नसतानाही झाडं ठिबकत असतात. फांद्यांवर शेवाळाचे जाड थर, त्यावर ऑर्किड आणि अननसाच्या कुळातली ब्रोमेलियाड, त्यात साठलेलं पाणी, त्यात किडे, बेडकं. पक्ष्यांची जी चंगळ आहे ती त्यामुळे. आपल्याकडे याच्या जवळ जाणारं म्हणजे मुन्नार-निलगिरीकडची शोला जंगलं आणि अरुणाचल. अरुणाचलातल्या ईगलनेस्ट अभयारण्यात बुगुन लिओचिकलासारखा पक्षी २००६ साली नव्यानं नोंदवला गेला, तो असल्याच जंगलातून. पण तिथं ताईंच्या यजमानांना दगड कुठून द्यायचे?

वऱ्हाडी_पाहुणा
@निळकंठ भाऊ, तुमी पुस्तक बंद करून एकदा आगस्टात देवी पॉइंटवर उभे राहा. मंग सांगा ढग झाडातून फिरते का डोक्यातून.

निळकंठ
ऑगस्टात फिरतात. फेब्रुवारीत फिरत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे.

पण चिखलदऱ्याच्या बाजूनंही एक सांगतो, नाहीतर अमरावतीकर मला गावात शिरू देणार नाहीत. मेळघाट हा रानपिंगळ्याचा, म्हणजे एका दुर्मीळ छोट्या घुबडाचा, बालेकिल्ला आहे. पक्षितज्ज्ञ ह्यूमनं १८७३ साली या पक्ष्याचं वर्णन केलं, १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक पत्ताच नव्हता. १९१४ सालचा म्हणून एक नमुना संग्रहालयात होता, तो मायनर्त्सहागेन नावाच्या इंग्रज पक्षिसंग्राहकानं दुसऱ्याचा चोरून आपल्या नावावर खपवलेला निघाला. नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ दिसला, म्हणजे ११३ वर्षांनी. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं. पायांवर पांढऱ्या पिसांचे जाड पायमोजे, आणि बसल्या जागी शेपटी डावी-उजवीकडे हलवत असतो. दिवसाढवळ्या दिसतो, त्यामुळे सकाळ त्याला आणि दुपार गाविलगडाला असं जमतं. ढगांचं जंगल म्हणू नका, बाकी सहल उत्तम.

गोरेवाडा_गँग
रानपिंगळ्यासाठी मोबाइलवर कॉल, म्हणजे त्याचाच रेकॉर्ड केलेला आवाज, लावला की पाच मिनिटांत समोर येऊन बसतो.

निळकंठ
@गोरेवाडा_गँग, हेच नको. तो समोर येतो कारण त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय. खाणं, पिल्लं सोडून तो भांडायला येतो. रोज दहा गाड्या आल्या आणि प्रत्येकीनं कॉल लावला तर त्याचा दिवस कसा जाणार? एवढा दुर्मीळ पक्षी आहे, शोधण्यात दोन तास गेले तर जाऊ द्या.

गोरेवाडा_गँग
अहो, पेरूत तर गाइड सर्रास लावतात.

सीताबर्डीचा_शिक्रा
लावतात, खरं आहे. आम्ही आमच्या गाइडला पहिल्याच दिवशी नको म्हणून सांगितलं. त्यानं खांदे उडवले आणि मग खरंच नाही लावला. आमची यादी थोडी तोकडी झाली असेल. पण कॉल लावून आलेला पक्षी आणि आपणहून आलेला पक्षी यांत बघणाऱ्यालाही फरक जाणवतो, असं माझं मत. वाद घालायचा तर वेगळा धागा काढा.

तर्रीबाज
धाग्याचा काश्मीर व्हायच्या आत एक विचारतो. पेरूत शाकाहारी माणसानं काय खायचं? आमच्या मामांना विचारायचंय. मला स्वतःला सावजीचं पार्सल पाठवलं तरी चालेल.

सीताबर्डीचा_शिक्रा
बटाटा मूळचा तिकडचाच. हजारो वाण आहेत. जांभळे, पिवळे, वाकडेतिकडे. भात मिळतो, मका मिळतो, किन्वाचं सूप मिळतं. मामा उपाशी मरणार नाहीत. मात्र ताटात ‘कुय’ नावाचं काही आलं तर मामांना सांगू नका, तो गिनीपिग असतो.

कुलरवाला_डॉक्टर
पक्ष्यांतलं मला फार कळत नाही, पण वरच्या कार्यक्रमात एक गोष्ट खटकली. कुस्को ३,४०० मीटरवर आहे. आपण राहतो तीनशे मीटरवर. विमानातून थेट कुस्कोला उतरून दुसऱ्या दिवशी अंधारात उठायचं म्हणजे डोकेदुखी, उलट्या ठरलेल्या. विमानतळावरूनच खाली ओयांतायताम्बोकडे निघा, ते साधारण २,८०० मीटरवर आहे. तिथं आधी मुक्काम, कुस्को शेवटी. विरळ हवेची गोळी डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगायचं. तिकडे कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे देतात, तिथं प्यायला तर प्या, पण पानं बॅगेत घालून आणू नका. आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्यात बसतात.

दुसरं, पिवळ्या तापाची लस. पेरू त्या यादीत आहे, आणि परत येताना भारतात प्रमाणपत्र बघतात. नसेल तर विलगीकरणात बसवतात. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच, पिवळं कार्ड घेऊन. साठीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. तर्रीबाजच्या मामांचं वय काय?

तर्रीबाज
मामा येऊन नाही राहिले. मी फक्त चौकशी करून राहिलो.

मोहफूल
माझं मत थोडं वेगळं आहे. ताई, माचू पिचू सोडा असं नाही म्हणत, पण तुम्हाला जे हवंय ते उत्तर पेरूत जास्त चांगलं मिळतं. चाचापोयासचा भाग. तिथं कुएलाप नावाचा डोंगरमाथ्यावरचा तटबंदीचा गाव आहे, सुमारे ३,००० मीटरवर. इंकांच्याही आधीचा. तटाची भिंत काही ठिकाणी वीस मीटरच्या आसपास उंच, आत चारशेच्या वर गोल घरांचे पाये. २०१७ पासून केबल कार आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये पावसानं तटाचा एक भाग ढासळला, तेव्हा बरेच महिने बंद होतं. म्हणून आतला कोणता भाग उघडा आहे ते निघण्याआधी विचारून घ्या.

आणि पक्षी? मार्व्हलस स्पॅट्युलटेल. या हमिंगबर्डच्या नराच्या शेपटीला फक्त चार पिसं, त्यातली दोन लांब तारेसारखी आणि टोकाला निळी-जांभळी चकती. मादीपुढं हवेत तरंगत तो त्या चकत्या अशा फिरवतो की नेमका कुठला भाग कुठं आहे ते डोळ्याला कळत नाही. त्याच रस्त्यानं पुढं आब्रा पात्रिसियाच्या ढगांच्या जंगलात लाँग-व्हिस्कर्ड आउलेट, जेमतेम तेरा-चौदा सेंटिमीटरचं घुबड. १९७६ साली जगाला माहीत झालं. रानपिंगळ्यावर जीव असणाऱ्या नागपूरकरानं ते चुकवू नये.

माचू पिचूला दिवसाला हजारो माणसं, ठरवलेली वेळ, ठरवलेला मार्ग, मागं फिरायची सोय नाही. कुएलापला भिंतीला टेकून बसलात तरी कोणी उठवत नाही.

सीताबर्डीचा_शिक्रा
@मोहफूल, मुद्दा मान्य, पण लिमाहून पुन्हा विमान आणि मग डोंगरातले तासन्‌तास. नागपूरहून दिल्ली किंवा मुंबई, तिथून युरोप, मग लिमा, हे आधीच अंगावर येतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला कुस्कोची बाजू बरी. पेरूला जाऊन माचू पिचू न बघता आलात तर नातेवाईक जगू देणार नाहीत.

प्राजक्ता_व
एवढं लांब जायचंच नसेल तर श्रीलंका. हॉर्टन प्लेन्स दोन हजार मीटरच्या वर, खरंखुरं ढगांचं जंगल (निळकंठ, तुम्हालाही पटेल). उजाडायच्या आत अरेंगा पूल नावाच्या डबक्यापाशी गप्प उभं राहायचं, श्रीलंकेचा शीळ घालणारा कस्तुर तिथंच येतो. येतो आणि झटकन जातो. खाली नुवारा एलियाच्या बागेत हिवाळ्यात आपल्याकडचा काश्मीर फ्लायकॅचर दिसतो. तो काश्मीरहून तिथं जातो, आपण नागपूरहून जायला कुरकुर करतो.

दगडांसाठी सिगिरिया, पोलोन्नारुवा सगळ्यांना माहीत आहेत. पण ताईंनी यजमानांना रितिगलाला न्यावं. ७६६ मीटरचाच डोंगर, सभोवताली कोरडा प्रदेश, आणि माथ्यावर ढग अडकून राहतात म्हणून वरचं जंगल वेगळंच. पायथ्याच्या झाडीत नवव्या शतकातल्या भिक्षूंच्या मठाचे अवशेष. दगडी फरसबंद वाट, मोठं बांधीव तळं, पुलानं जोडलेले जोडचौथरे. मूर्ती नाही, नक्षी जवळजवळ नाही. माथा राखीव आहे, तिकडं जाऊ देत नाहीत, पण मठाचा भाग पायी नीट बघता येतो आणि झाडीत पक्षी चालूच असतात.

दगडधोंडे
नमस्कार. मीच तो, ज्याला ‘दगड हवेत’. हे खातं खास या धाग्यासाठी उघडलंय, कारण माझ्या गैरहजेरीत माझी वाटणी चाललेली दिसते.

शिक्रासाहेबांना एक सांगायचंय. सकाळ आम्हाला हवी असते असं तुम्ही म्हणता, पण माचू पिचूला आम्हा दगडवाल्यांनाही सकाळ नको. तिथं बऱ्याचदा सकाळी धुकं भरलेलं असतं आणि नगर उशिरा उघडं पडतं. दुपारचं तिरपं ऊन आलं की दगडांचे सांधे दिसतात. इंकांचं सगळं कसब सांध्यात आहे. चुना नाही, माती नाही, दगडाला दगड घासून बसवलेला. तेव्हा दुपारचं तिकीट मला मंजूर आहे. भांडण मिटलं.

शिवाय मी थोडा नकाशा बघितला. कुस्कोच्या आग्नेयेला पिकियाक्ता नावाचं, ‘वारी’ नावाच्या प्राचीन लोकांचं उजाड नगर आहे, इंकांच्या कितीतरी आधीचं. सरळ रेषेतल्या उंच भिंती, चौकोनी वाडे. आणि त्याला लागूनच उआकारपाय नावाचं तळं, ज्याला महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर हा आंतरराष्ट्रीय दर्जा आहे. म्हणजे मी भिंतीत, ही लव्हाळ्यात, आणि गाडी एकच.

सीताबर्डीचा_शिक्रा
व्वा! दगडधोंडे, तुम्ही आमच्या कंपूत या. उआकारपायच्या लव्हाळ्यात मेनी-कलर्ड रश टायरंट हा पक्षी बघायला विसरू नका. एवढासा पक्षी, पण अंगावर इतके रंग की मोजताना गोंधळ होतो. आणि आजूबाजूच्या कोरड्या उतारावर, निवडुंग नि पिवळ्या फुलांच्या झुडपांवर बिअर्डेड माउंटेनियर नावाचा हमिंगबर्ड, तोही फक्त पेरूतला.

आणखी वेळ काढता आला तर मानूचा रस्ता, म्हणजे मानूच्या जंगलाकडे उतरणारा, करा. पौकारताम्बोच्या वाटेवर निनामार्काला दगडी थडग्यांचे बुटके मनोरे आहेत, इंकापूर्व, ते तुम्हाला. मग साडेतीन हजार मीटरची खिंड ओलांडली की रस्ता ढगात उतरायला लागतो, ते ताईंना. दर काही शे मीटर खाली आलं की पक्षी बदलतात. १,४०० मीटरच्या आसपास कॉक-ऑफ-द-रॉकची जागा आहे, पेरूचा राष्ट्रीय पक्षी. उजाडताना नर जमतात, भडक केशरी, कपाळावर चोच झाकणारा पंखा, आणि आवाज डुकरासारखा. माना खाली-वर करून एकमेकांवर खेकसतात. मादी येते, बघते, बहुतेक वेळा निघून जाते.

तर्रीबाज
म्हणजे आमच्या सीताबर्डीच्या चौकात संध्याकाळी जमणारी पोरं.

मोहफूल
@शिक्रा, तो मानूचा रस्ता पावसाळ्यात दरडींनी बंद पडतो. जून चांगला. मे ते सप्टेंबर तिकडे कोरडा काळ, म्हणजे आपल्याकडे कुलर चालू असताना तिकडे रात्री स्वेटर लागतो. फक्त २४ जूनच्या आसपास कुस्कोत राहू नका, इंती रायमीचा उत्सव असतो, खोल्या मिळत नाहीत.

दगडधोंडे
उत्सव मला बघायचा होता.

धरमपेठी_बुलबुल
बघू या की, पण मग खोली तुम्ही शोधायची.

मंडळी, खूप आभार. ठरलं ते असं: उतरल्यावर थेट ओयांतायताम्बो, मग आग्वास कालिएन्तेसला निवांत मुक्काम, सकाळी नदी, दुपारी नगर. परतीला कुस्को, पिकियाक्ता-उआकारपाय, आणि शेवटी मानूचा रस्ता कॉक-ऑफ-द-रॉकपर्यंत. टूरवाल्याला हे पाठवलं तर तो म्हणाला, “मॅडम, एवढे दिवस लोक तिथं करतात काय?” त्याला नमस्कार केला, आता स्वतःच बुकिंग करतोय. कुएलाप पुढच्या वेळी. आणि वऱ्हाडी_पाहुणा, डिसेंबरात आम्ही चिखलदऱ्याला येतोच आहोत, दुर्बिणीचा सराव तिथंच करू.

एक शंका राहिली. ह्यांचा गुडघा दुखतो, काठी लागते. आणि माझा कॅमेऱ्याचा ट्रायपॉड. वर नेऊ देतात का?

वऱ्हाडी_पाहुणा
या या. राहायची सोय परतवाड्याच्या आमच्या काकाकडे. गंडभेरुंड मी दाखवतो, रानपिंगळा निळकंठ भाऊ दाखवतीन.

सीताबर्डीचा_शिक्रा
ट्रायपॉड नाही नेऊ देत, सेल्फी स्टिकही नाही. काठी वयस्कर किंवा अडचण असलेल्यांना चालते, पण टोकाला रबर हवं, लोखंडी अणी असेल तर दारातच अडवतात. ४० बाय ३५ बाय २० सेंटिमीटरपेक्षा मोठी सॅकही बाहेर ठेवावी लागते. दुर्बीण गळ्यात घालून जा, तिला कोणी काही म्हणत नाही. ट्रायपॉड न्यायचाच तर मानूच्या रस्त्यासाठी न्या, नदीकाठी त्याचा उपयोग नाही, तुषारांनी लेन्स भिजते.

दगडधोंडे
रबराचं टोक इतवारीत मिळेल ना?

तर्रीबाज
मिळते ना. येता येता पेरू घेऊन या.